फितूर झालेलं दार

५ जुलै १८५७. दिल्लीबाहेरची टेकडी

पावसाची सर नुकतीच येऊन गेली आहे. तुम्ही एका मोठ्या वाड्याच्या मागच्या बाजूला उभे आहात आणि आधी जाणवतात त्या माश्या. ताटावर माश्या, जखमेवर माश्या, झोपलेल्या माणसाच्या पापण्यांवर माश्या. वाड्याच्या भिंतींना तोफगोळ्यांनी खिंडारं पाडली आहेत. समोर उताराच्या पलीकडे दिल्लीचा तट दिसतो. मोरी बुरुजावर धुराचा लोट उठतो, मग आवाज येतो, आणि गोळा येऊन खालच्या चिखलात रुततो.

या प्रवासाचा नियम एकच. इथलं काही न्यायचं नाही, इथे काही द्यायचं नाही. फक्त पाहायचं.

वाडा मराठी माणसाचा आहे. कागलच्या घाटगे घराण्यातले हिंदूराव, सर्जेराव घाटग्यांचे चिरंजीव आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम फ्रेझर या टेकडीवर राहत असे. १८३५ साली त्याचा खून झाला आणि पुढे हिंदूरावांनी वाडा विकत घेतला. आता ते हयात नाहीत.  त्यांच्या वाड्यात ८ जूनपासून मेजर रीडची गुरख्यांची पलटण ठाण मांडून बसली आहे. समोर दिल्ली शहर बंडवाल्यांच्या हाती, टेकडीवर इंग्रजी फौज. कोण कोणाला वेढून बसलंय, हे इथे उभं राहून सांगणं कठीण आहे.

पण आज या छावणीचा सेनापती गोळीने मरणार नाही. जनरल बर्नार्डला आज पटकी, म्हणजे कॉलरा, झाली आहे आणि तो आजच जाणार. त्याच्या आधीचा सेनापती जनरल अ‍ॅन्सन २७ मे रोजी कर्नालला गेला, तोही पटकीनेच. आपल्याकडे पटकीची साथ आली की गावागावांत मरीआई कोपली म्हणतात, तिचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडतात. इथे टेकडीवर गाडा नाही, पण कारण कोणालाच माहीत नाही, ही गोष्ट तीच.

वाड्याच्या एका खोलीत एक गुरखा शिपाई आडवा पडला आहे. जवळ जा. ताप नाही, उलट अंग गार आहे. डोळे खोल गेलेत. बोटांची टोकं दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतली आहेत. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती पटकन खाली बसत नाही, चुणी तशीच उभी राहते. पोटऱ्यांत गोळे येतात तेव्हा तो कण्हतो, पण आवाज घोगरा, जेमतेम ऐकू येणारा. खाटेखालच्या भांड्यात मळ असा नाहीच, तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं पाणी आहे. असं पाणी तासाला एक लिटरपर्यंत जाऊ शकतं. तो पाणी मागतो, कोणीतरी देतं, आणि ते उलटून पडतं.

हे पाणी येतं कुठून? ते पाहायला दोन दिवस मागे जायचं आहे आणि खूप लहान व्हायचं आहे.

३ जुलैची रात्र. त्याच शिपायाच्या आत

तो जेवतोय. भात, डाळ, वर गुळाचा खडा. तुम्ही घासाबरोबर आत शिरता. तोंडातच भातावर पहिलं विकर काम सुरू करतं. लाळेतलं अमायलेज पिष्टाची लांब साखळी तोडून तिचे तुकडे करतं. विकर म्हणजे पेशीने तयार केलेलं प्रथिन, एकेका ठरावीक रासायनिक क्रियेचा वेग प्रचंड वाढवणारं. काम झालं की ते स्वतः खर्ची पडत नाही, पुढच्या रेणूकडे वळतं. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे याच गुणाचा घात होणार आहे.

जठरात तीव्र आम्ल आहे. लाळेतलं अमायलेज इथे निकामी होतं आणि याच आम्लात ज्याचं काम फुलतं ते पेप्सिन प्रथिनांचे तुकडे पाडू लागतं. प्रत्येक विकराला आपापलं तापमान आणि आम्लता लागते. या आम्लात बहुतेक जंतूही मरतात. पण शिपाई जे पाणी प्यायला त्यात जंतू फार होते. थोडे निभावून पुढे सरकले.

आता लहान आतडं. सहा-एक मीटर लांबीचं, आतून लाखो बारीक रसांकुरांनी भरलेलं. त्यांवर पेशींचा एकच थर आहे. एका पेशीसमोर थांबा. तिच्याभोवतीचं प्रद्रव्यपटल किती जाड? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले सात-आठ. ते फॉस्फोलिपिड रेणूंच्या दोन थरांचं आहे. रेणूंची डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे आणि स्निग्ध शेपट्या आतल्या अंगाला, एकमेकींकडे. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड या पटलातून सहज आरपार होतात. जास्त असलेल्या जागेकडून कमी असलेल्या जागेकडे जायचं, इतकाच विसरणाचा नियम. पण मिठातल्या सोडिअमच्या आयनावर विद्युतप्रभार असतो आणि ग्लुकोजचा रेणू मोठा, पाण्यात रमणारा. स्निग्ध थर दोघांनाही अडवतो. म्हणूनच याला निवडक्षम पारपटल म्हणतात.

गडाला नुसता तट असून चालत नाही, दरवाजे लागतात, आणि कोणता दरवाजा कोणासाठी, कधी उघडायचा हे ठरलेलं असावं लागतं. पेशीच्या तटातले दरवाजे प्रथिनांचे आहेत. तीन दरवाजे नीट पाहून घ्या.

पहिला पेशीच्या मागच्या अंगाला, रक्ताच्या बाजूला. हा सोडिअम-पोटॅशिअम पंप. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा एक रेणू खर्चून तो तीन सोडिअम आयन बाहेर ढकलतो आणि दोन पोटॅशिअम आत ओढतो. कमीकडून जास्तीकडे, म्हणजे चढावर वाहून न्यायचं काम, म्हणून ऊर्जा लागते. हे सक्रिय वहन. या पंपामुळे पेशीत सोडिअम कायम कमी राहतो आणि आतड्यातला सोडिअम आत शिरायला टपून असतो.

दुसरा पुढच्या अंगाला, आतड्याच्या पोकळीकडे. हा जोडीने आलेल्यांनाच आत घेतो. दोन सोडिअम आणि त्यांच्या सोबत एक ग्लुकोज आलं तरच उघडतो. एकट्या सोडिअमला इथे प्रवेश नाही, एकट्या ग्लुकोजलाही नाही. त्याला सोडिअम-ग्लुकोज सहवाहक म्हणतात. गुळातली साखर थेट आत जात नाही. याच पेशीच्या पृष्ठभागावर बसलेलं सुक्रेज तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं. माल्टेज भातातल्या माल्टोजचे तुकडे करतं. विकराने तोडायचं आणि वाहकाने उचलायचं, दोन्ही एकाच भिंतीवर चालू.

तिसरा दरवाजाही पुढच्याच अंगाला, पण बाहेर सोडणारा. क्लोराइडचे आयन यातून आतड्यात उतरतात. एरवी तो किंचित उघडतो आणि मिटतो, आतडं ओलसर राहावं एवढ्यापुरता.

पाण्यासाठी मात्र शरीरात एकही पंप नाही. जिकडे विरघळलेले कण जास्त तिकडे पाणी आपणहून जातं. हेच परासरण. मीठ आणि साखर आत गेली की पाणी मागोमाग आत. प्यायलेलं आणि लाळेसकट सगळ्या पाचकरसांचं मिळून दिवसाला आठ-नऊ लिटर पाणी आतड्यात उतरतं. निरोगी माणसाच्या विष्ठेतून त्यातलं जेमतेम एक-दोनशे मिलिलिटर बाहेर पडतं. बाकी सगळं शरीर परत घेतं, केवळ मीठ-साखरेच्या मागून.

४ जुलै, मध्यरात्र. तीच पेशी

जंतू पोहोचले. स्वल्पविरामासारखे वाकडे, मागे एक शेपूट. गंमत म्हणजे ते पेशीच्या आत शिरतच नाहीत. भिंतीला चिकटून बाहेरच राहतात आणि एक विष सोडतात.

या विषाचे दोन भाग. पाच सारख्या प्रथिनांचं एक कडं आणि त्यावर बसलेलं एक विकर. कडं पेशीच्या पटलावरच्या एका विशिष्ट स्निग्ध रेणूला चिकटतं. पेशी रोजच्यासारखा पटलाचा तो तुकडा आत वळवून घेते आणि विष गॉल्जी पिंडातून आंतर्द्रव्यजालिकेपर्यंत जातं. पेशीची जी वाट माल बाहेर पाठवण्याची, त्याच वाटेने ते उलटं आत येतं. तिथे विकर सुटं होऊन पेशीद्रव्यात उतरतं.

आता गडावर फितुरी होते. पेशीत निरोप पोहोचवणारं एक जी-प्रथिन असतं. निरोप आला की ते चालू होतं आणि थोड्या वेळाने स्वतःच बंद होतं. जंतूचं विकर त्याच्यावर एक रासायनिक गाठ मारतं. झालं, आता ते बंद होऊ शकत नाही. त्याच्या हुकमाने पेशीचं स्वतःचं विकर, अ‍ॅडेनिलेट सायक्लेज, एटीपीपासून चक्रीय एएमपी बनवतच सुटतं. आणि चक्रीय एएमपी वाढला की क्लोराइडचा दरवाजा सताड उघडा.

क्लोराइड बाहेर. त्याच्या ऋण प्रभाराने खेचलेला सोडिअम बाहेर. दोघांच्या मागे पाणी बाहेर. मीठ आत घेणाऱ्या इतर काही वाटाही याच गडबडीत मिटतात. बाहेरून एकही गोळा न पडता तट आतून उघडला, तोही गडावरच्याच माणसांकडून. विकर खर्ची पडत नाही हे तुम्ही मघाशी पाहिलंत. त्यामुळे विषाचे थोडे रेणू पुरतात, एकच विकर एकामागून एक प्रथिनं फितवत जातं.

जाण्याआधी एक पाहून घ्या. भोवती हलकल्लोळ चाललाय, पण तो दुसरा दरवाजा, सोडिअम आणि ग्लुकोजच्या जोडीचा, जागच्या जागी आहे. त्याला कोणी हात लावलेला नाही. आणखी एक गोष्ट. आतड्याच्या या पेशी मुळातच अल्पायुषी. तीन ते पाच दिवसांत जुन्या गळून नव्या येतात. फितूर झालेल्या पेशीही गळून जातील. म्हणजे शिपायाला एवढे दिवस कसंतरी तगवायचं आहे.

पुन्हा ५ जुलै, वाड्यातली खोली

आता तुम्ही या खोलीतले एकमेव जाणकार आहात आणि तुम्हाला बोलायची मुभा नाही.

या काळच्या डॉक्टरांच्या पेटीत पाऱ्याचं कॅलोमेल आहे आणि अफू आहे. कुणाला नुसतं पाणी पाजतात. ते आतड्यात पडून राहतं, कारण त्याला ओढून नेणारं काही आत जात नाही. मिठाचं पाणी दिलं तरी तेच, एकट्या सोडिअमच्या वाटा बंद आहेत. दोन्ही एकत्र लागतात, मीठ आणि साखर. आणि छावणीच्या कोठीत दोन्ही आहेत. मीठ आहे, साखर आहे, पाणी उकळायला चूल आहे. उणीव आहे ती फक्त एका कारणाची: हे का द्यायचं.

त्यातलं अर्धं कारण तर पंचवीस वर्षांपूर्वीच सापडलं होतं. १८३१ च्या अखेरीस इंग्लंडात विल्यम ओशॉनेसी नावाच्या तरुण डॉक्टरने पटकीच्या रोग्यांचं रक्त तपासून दाखवलं की त्यातून पाणी आणि क्षार निघून गेलेत. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या लीथ गावी टॉमस लॅटाने एका मरणासन्न बाईच्या शिरेत सहा पिंट, म्हणजे साडेतीन लिटरच्या आसपास, खारं पाणी सोडलं. ती उठून बोलू लागली. पण ढाळ पुन्हा लागले, पुन्हा पाणी दिलं गेलं नाही आणि ती गेली. त्याच्या द्रावणात क्षार रक्तापेक्षा कमी होते. अशा पाण्यात परासरणाने तांबड्या पेशी फुगतात, फुटूही शकतात. शिवाय पाणी निर्जंतुक करायला हवं हे तेव्हा कोणाच्या गावी नव्हतं. उपाय मागे पडला. ओशॉनेसी हिंदुस्थानात आला आणि इथल्या तारखात्याचा प्रमुख झाला. ११ मे १८५७ रोजी दिल्लीतल्या उठावाची खबर अंबाल्याला पोहोचली ती त्याच्याच खात्याच्या तारेवरून. तारा या टेकडीपर्यंत आल्या, त्याचं रक्ताचं संशोधन आलं नाही.

१९५९. कलकत्ता आणि परळ

शंभर वर्षं पुढे या. रॉबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्यातच पटकीचा जंतू ओळखला होता. जंतू सापडला, पण तो करतो काय, हे कोडं उरलं. पुष्कळांनी त्याचं विष प्राण्यांच्या रक्तात टोचून पाहिलं, पटकी काही होईना.

कलकत्त्याच्या एका प्रयोगशाळेत शंभुनाथ डे यांच्यामागे उभे राहा. त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक वेटोळा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला आहे आणि मधल्या भागात पटकीच्या जंतूंचं संवर्ध-द्रावण टोचलं आहे. दुसऱ्या दिवशी बांधलेला भाग टरारून फुगतो, आत तेच तांदळाचं धुवण. ही पद्धत त्यांनी १९५३ सालीच मांडली. १९५९ मध्ये पुढचं पाऊल. या वेळी त्यांनी द्रावण गाळून जंतू पूर्ण काढून टाकलेत. तरीही आतडं फुगतं. म्हणजे करणी जंतूच्या शरीराची नाही, त्याने सोडलेल्या विषाची, आणि ती रक्तातून नव्हे, आतड्याच्या आतल्या अंगाने चालते.

त्याच वर्षी मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी सशाच्या पिल्लांना जिवंत जंतू नसलेला अर्क तोंडावाटे दिला आणि पिल्लांना पटकीसारखेच ढाळ लागले. दोन शहरांत, दोन वाटांनी, एकच निष्कर्ष.

आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६० मध्ये, प्रागच्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं की आतड्याची पेशी ग्लुकोज आणि सोडिअम जोडीनेच आत घेते. तुम्ही ३ जुलैच्या रात्री पाहिलेला दुसरा दरवाजा कागदावर आला. क्रेन काही पटकीवर काम करत नव्हते. त्यांना साखर पटलातून कशी जाते एवढंच कळून घ्यायचं होतं. १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी रोग्यांना ग्लुकोज आणि क्षारांचं पाणी तोंडाने पाजून दाखवलं. शिरेतून द्याव्या लागणाऱ्या द्रावणाची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटली.

१९७१. बनगाव

पश्चिम बंगालची सीमा. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येताहेत. पाऊस, चिखल, तंबू, आणि पटकी. तुम्हाला टेकडीची आठवण येईल, पण इथे माणसं कितीतरी पट जास्त आहेत. बनगावच्या इस्पितळात जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही. डॉ. दिलीप महालनबीस उलटी आणि ढाळांच्या पाण्यात गुडघे टेकून रोग्यांना शिरेतून द्रावण लावताहेत. आणि ते द्रावण संपत आलं आहे.

इकडे कलकत्त्यात त्यांच्या संशोधन केंद्रात लोक तराजू घेऊन बसलेत. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. मिश्रण प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरायचं आणि तोंडावरून गरम इस्त्री फिरवून पिशवी बंद करायची. बनगावला पिशव्या पिंपात रिकाम्या होतात, पिंपाला तोटी, तोटीखाली भांडं. रोग्याची आई, भाऊ, बायको, जो असेल तो घोटघोट पाजतो. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात होतं, ते या उपचाराखाली ३.६ टक्क्यांवर आलं. नर्स नाही, सुई नाही. उघडा पडलेला दरवाजा कोणी बंद केलेला नाही, तो गळतोच आहे. फक्त शाबूत असलेल्या दुसऱ्या दरवाजातून गळतीपेक्षा जास्त आत घातलं जातंय.

१९७८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने सोडिअम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात या शोधाचा विसाव्या शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हणून गौरव केला. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आज. हिंदूराव

टेकडी तीच, आता तिला दिल्लीकर रिज म्हणतात. वाड्याच्या जागी दिल्ली महानगरपालिकेचं हिंदूराव रुग्णालय आहे, आणि रिक्षावाल्याला नुसतं ‘हिंदूराव’ म्हटलं तरी पुरतं. कागलचे घाटगे त्याच्या ध्यानीमनी नसतात. जुलाब-उलट्यांचं लेकरू घेऊन आलेल्या आईच्या हातात आज देशातल्या कुठल्याही दवाखान्यात एक पुडी पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली ठरवलेलं तिचं प्रमाण वाचा: ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, ट्रायसोडिअम सायट्रेट २.९, पोटॅशिअम क्लोराइड १.५. एकूण २०.५ ग्रॅम, एक लिटर पाण्यासाठी. पोटॅशिअम कशाला? ढाळांतून तोही जातो, आणि मागच्या अंगाच्या पंपाला तो लागतो. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. साखर तोडायला सुक्रेज आहेच. कोकणातली मीठ घातलेली भाताची पेजही याच वाटेने उपयोगी पडते, फक्त तिथे आधी अमायलेज आणि माल्टेज लागतात. डोळे खोल गेले असतील, लघवी थांबली असेल किंवा मूल पीतच नसेल, तर घरी न थांबता दवाखाना गाठायचा, तिथे शिरेतून द्रावण लागतं.

आता एक प्रश्न परीक्षेसाठी नव्हे, घरासाठी. २००२ च्या आधीच्या पुडीत ग्लुकोज जास्त, २० ग्रॅम होतं. ते कमी का केलं? आणि ताकद यावी म्हणून कोणी पुडी अर्ध्याच लिटरमध्ये कालवली, किंवा जुलाबाच्या मुलाला गोड थंडपेय पाजलं, तर जुलाब वाढण्याची भीती का? आतड्यात रक्तापेक्षा दाट द्रावण पडलं की पाणी कोणत्या दिशेने जाईल, ते तुम्ही त्या पेशीसमोर उभं राहून पाहिलं आहे. पुडीवर ‘एक लिटर’ का छापलंय, हे आजीने विचारलं तर तिला आता तुम्हीच सांगायचं.